६ आणि ११ वर्षांच्या मुलांसोबत 'द कॅट रिटर्न्स' बघावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगा ६ वर्षांचा, मुलगी ११ ची, दोघांना मांजरांचं वेड, कुणीतरी हा जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमा सुचवलाय, तर लहान्याला भीती वाटेल का, त्याआधी घिबलीचे, म्हणजे तो बनवणाऱ्या जपानी स्टुडिओचे, बाकीचे सिनेमे बघायला लागतात का, आणि जपानीत बघायचा की इंग्रजीत. थोडक्यात सांगायचं तर बघा, बिनधास्त बघा, आधी काही बघायची गरज नाही, आणि लहान्यासाठी इंग्रजी लावा. आता सविस्तर सांगते, कारण या सिनेमाबद्दल मला केव्हापासून बोलायचं होतं आणि कुणी विचारतच नव्हतं.

आधी हे सांगते की घिबलीच्या भक्तमंडळींना विचाराल तर ते नाक मुरडतील. हा त्यांच्या लेखी 'ठीक आहे, टाइमपास आहे' या खात्यातला सिनेमा. कारणही आहे, हा आला जुलै २००२ मध्ये, म्हणजे घिबलीच्याच 'स्पिरिटेड अवे'च्या बरोबर पुढच्या वर्षी, आणि त्या अजस्र सिनेमापुढे हा ७५ मिनिटांचा हलकाफुलका प्रकार म्हणजे सगळ्यांना लिंबूटिंबूच वाटला. दिग्दर्शकही घिबलीचे ते नावाजलेले मियाझाकी नाहीत, हिरोयुकी मोरिता म्हणून एक अ‍ॅनिमेटर होते, त्यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला मोठा सिनेमा. पण जपानमध्ये लोकांनी मात्र डोक्यावर घेतला, त्या वर्षी जपानी सिनेमांमध्ये सगळ्यात जास्त कमाई यानेच केली. माझं प्रामाणिक मत विचाराल तर मुलांना घेऊन घिबली पहिल्यांदा बघायचा असेल तर यासारखा सोयीचा सिनेमा नाही. मोठे मोठे सिनेमे नंतर आहेतच की.

गोष्ट अशी. हारू नावाची १७ वर्षांची मुलगी, शाळेत जाणारी, रोज उठायला उशीर, रोज धावपळ, आवडत्या मुलाशी बोलायची हिंमत नाही, कुणी काही म्हटलं तर 'हं... चालेल' म्हणणारी. शाळेतून घरी येताना तिला एक रुबाबदार गडद रंगाचं मांजर दिसतं, तोंडात छोटासा गिफ्टचा बॉक्स धरून रस्ता ओलांडतंय. मध्येच बॉक्स पडतो, ते थांबतं, आणि ट्रक येतो. हारू मैत्रिणीची लॅक्रॉसची काठी, म्हणजे पुढे जाळी असलेली ती खेळायची काठी, घेऊन धावते, मांजराला त्या जाळीत उचलते आणि पलीकडच्या झुडपांत जाऊन आदळते. काठीचे दोन तुकडे. आणि मग ते मांजर मागच्या दोन पायांवर उभं राहतं, अंगावरची धूळ झटकतं, बॉक्स नीट उचलतं, अदबीने वाकून आभार मानतं आणि निघून जातं. हा सीन मुलांना घेऊन परत परत बघा. धूळ झटकण्याची ती जी पद्धत आहे ना, ऑफिसला निघालेला माणूस बाइकवरून उतरल्यावर पँट झटकतो तशी, त्यात काहीही 'जादू झाली' असा आव नाही, चमचम नाही, संगीताचा धडाका नाही. मांजर बोललं. बस. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे जाणारी माणसं आहेत, इथे पोरगी मांजराला आडवी गेली आणि तिथून तिच्या मागे जे लागलं ते बघा.

कारण ते मांजर निघतं मांजरांच्या राज्याचा राजपुत्र, लून. रात्री हारूच्या घरासमोरून कंदील घेऊन मांजरांची मिरवणूक येते, मध्ये खुद्द मांजरराजा, सोबत त्याचा कारभारी, आणि आमच्या पोराला वाचवलंत तर उद्यापासून तुमच्यावर सुखांचा वर्षाव करू असं सांगून जातात. दुसऱ्या दिवशी खरंच वर्षाव. अंगणभर रातोरात मांजरांनी खेळायचं झुपकेवालं गवत उगवलेलं, शाळेतल्या चपलांच्या कप्प्यात छान पॅक केलेले छोटे बॉक्स आणि उघडले की जिवंत उंदीर, खिशात मांजरांना नशा आणणारी वनस्पती भरून ठेवलेली, त्यामुळे गल्लीतली यच्चयावत मांजरं तिच्या मागे. ज्या मैत्रिणीची काठी मोडली तिच्या दारात काठ्यांचा ढीग. म्हणजे नीट बघितलं तर प्रत्येक गिफ्ट मनापासून दिलेलं आहे, मांजराच्या दृष्टीने उत्तमातलं उत्तम आहे, आणि माणसाला शून्य उपयोगाचं आहे.

इथेच मला हा सिनेमा आपल्या घरातला वाटायला लागतो. लग्नाच्या पंगतीत पोट फुटेस्तोवर आग्रह करून जिलबी वाढणारे काका आठवा, तुम्ही ताटावर आडवा हात धरलाय, तरी बोटांच्या फटीतून जिलबी येतेच, आणि वर 'आमच्या प्रेमाचा मान नाही राखलात' हे ऐकायचं तेही तुम्हीच. मांजरराजा अगदी हाच माणूस आहे. त्याला हारूचं भलं करायचंच आहे, फक्त तिला काय हवंय हे विचारायचं त्याच्या डोक्यातही येत नाही. आणि या सगळ्या बक्षिसांवरचं शेवटचं बक्षीस म्हणजे स्थळ! मुलगी पसंत आहे, राजपुत्राशी लग्न, तारीख वगैरे आम्ही बघतो, तुम्ही फक्त या. निरोप घेऊन आलेलं ते गोड बोलणारं मांजर तिला सांगतं तेव्हा हारू क्षणभर विचार करते की मांजराचं आयुष्य, दिवसभर लोळायचं, खायचं, अभ्यास नाही, काही नाही, वाईट नसेल बहुतेक, आणि तसं पुटपुटते. झालं. तो होकार समजून मंडळी तयारीला लागतात.

म्हणून म्हणते की वरवर मांजरांचा दिसणारा हा सिनेमा खरा भिडेखातर 'नाही' न म्हणता येणाऱ्या माणसाचा आहे. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ना, तर इथे ती भीड अक्षरशः अंगावर फर बनून उगवते. हारू मांजरांच्या राज्यात गेल्यावर हळूहळू मांजर व्हायला लागते, मिशा, कान, हातावर लव, आणि त्याचा नियम फार साधा ठेवलाय, जी व्यक्ती स्वतःला विसरली ती तिथलीच झाली. तुमच्या ११ वर्षांच्या मुलीला हे बरोब्बर कळेल. त्या वयात वर्गातल्या मैत्रिणींना नाही म्हणणं किती अवघड असतं हे आपण विसरलोय, त्यांना रोज करायला लागतं. फक्त सिनेमा संपल्यावर लगेच 'मग बाळा यातून आपण काय शिकलो' असं काही सुरू करू नका प्लीज.

अजून एक, जपानी प्रेक्षकाला ही गोष्ट बघताना पाठीमागे एक जुनी लोककथा ऐकू येत असते. क्रौंच पक्ष्याची. गरीब माणूस सापळ्यात अडकलेल्या क्रौंचाला सोडवतो, मग तो पक्षी बाईच्या रूपात त्याच्या घरी येऊन स्वतःची पिसं उपसून कापड विणून देतो, उपकार फेडतो, बघू नकोस सांगितलेलं असताना तो डोकावतो आणि ती निघून जाते. फार करुण गोष्ट आहे, जपानमध्ये पोरासोरांना माहीत असलेली. इथे मोरितांनी आणि मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढणाऱ्या आओई हिरागी बाईंनी तीच उपकार फेडण्याची कल्पना घेऊन उलटी टांगलीय. उपकार फेडणारे इतके उत्साही निघाले की ज्याच्यावर फेडले तोच जीव मुठीत धरून पळत सुटला.

बरं, वाचवायला कोण येतं? एक आवाज हारूला सांगतो की चौकात जा, तिथे एक मोठा पांढरा बोका असेल, त्याच्या मागे जा. हा बोका म्हणजे मुता. (हो, मुता. हे नाव कानावर पडल्यावर मराठी घरात जे व्हायचं तेच होणार, सहा वर्षांच्या पोराला आवरायला पाच मिनिटं पॉज करायची तयारी ठेवा.) लठ्ठ, खडूस, कॅफेच्या खुर्चीवर पसरलेला, हारू चुकून त्याच्यावरच बसायला जाते. त्याच्या मागे ती भिंतींवरून, छपरांवरून, बोळांतून जाते आणि पोचते एका बुटक्या घरांच्या चौकात, तिथे एक इवलंसं घर, मांजरांचं ऑफिस. संध्याकाळचं ऊन त्या चौकात तिरपं येतं, खिडकीतून आत उभ्या असलेल्या बाहुल्याच्या डोळ्यांवर पडतं, आणि तो बाहुला, सूट घातलेला, हातात छडी, जिवंत होतो. हा बॅरन. खांबावरचा दगडी कावळा पण जिवंत होतो, तो टोटो, आणि त्याचं आणि मुताचं जे वाजतं ते शेवटपर्यंत वाजतच राहतं.

बॅरन तिला चहा करून देतो. स्वतःचं मिश्रण, आणि सांगतो की प्रत्येक वेळी चव थोडी वेगळी लागते, त्यामुळे चांगला होईलच याची खात्री देत नाही. मला सगळ्या सिनेमात हे वाक्य सगळ्यात जास्त आवडतं. सिनेमातल्या बाकी सगळ्या मोठ्या माणसांना, म्हणजे मांजरांना, आपण देतोय ते समोरच्याला आवडणारच याची शंभर टक्के खात्री आहे, हा एकटा म्हणतो की बघा पिऊन. आणि चहा छान झालेला असतो.

आता भीतीचं. लहान्यासाठी सांगण्यासारख्या जागा तीन. एक, मांजरांची झुंड येऊन हारूला उचलून नेते, ते जरा दचकवतं, पण गमतीच्या अंगाने आहे. दोन, राजवाड्यातली मेजवानी, तिथे राजाला करमणूक आवडली नाही की कलाकाराला खिडकीतून बाहेर फेकतात, मुलं हसतात, मला मात्र पहिल्यांदा बघताना हा राजा नुसता विनोदी नाहीये हे तिथेच कळलं. याच मेजवानीत मुखवटा घालून कुणीतरी येतं आणि हारूसोबत नाचतं, कोण ते सांगत नाही पण तुम्हाला कळलंच असेल. तीन, शेवटी पहाट व्हायच्या आत भुलभुलैयातून उंच मनोऱ्याच्या टोकाला पोचायचं असतं आणि राजा तो मनोराच उडवून देतो, पडझड, आकाशातून खाली पडणं वगैरे. रक्त नाही, कुणी मरत नाही, राक्षस नाही. आणि हो, मुलगा लग्नाला तयार नाही म्हटल्यावर राजा स्वतःच हारूला मागणी घालतो, ते अगदी हास्यास्पद म्हणूनच दाखवलंय आणि तिथे हारू जे सणसणीत 'नाही' म्हणते त्याच्यासाठीच एवढा वेळ वाट बघितली असं वाटतं.

माझी भाची साधारण तुमच्या मुलाच्या वयाची होती तेव्हा तिच्यासोबत बघितला, जपानी ऑडिओ ठेवून मी सबटायटल्स मराठीत बोलून दाखवत होते, आणि तिला भीती कसली, हारू मांजर व्हायला लागल्यावर तिचं म्हणणं की ही परत माणूस कशाला होतेय, मूर्ख आहे का. त्यामुळे भीतीचं काय ते आपल्या मुलावरून ठरवा, काही मुलांना भुलभुलैयात हरवण्याचीच जास्त धास्ती वाटते.

आधी दुसरं काही बघायला लागतं का, तर नाही, पण एक संबंध आहे तो माहीत असला तर मोठ्यांना मजा येते. बॅरन आणि तो लठ्ठ बोका हे दोघं आधी 'व्हिस्पर ऑफ द हार्ट'मध्ये येऊन गेलेत, १९९५ चा सिनेमा, तोही हिरागी बाईंच्याच मांगावरून. त्यात शिझुकू नावाची शाळकरी मुलगी पुस्तकवेडी असते, टेकडीवरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तिला बॅरनचा बाहुला दिसतो आणि ती त्याच्यावर गोष्ट लिहायला बसते. 'द कॅट रिटर्न्स' म्हणजे त्याच शिझुकूने पुढे लिहिलेली गोष्ट असं धरून चालायचं, घिबलीनेच तसं धरलेलं आहे. म्हणून तर याचं चित्र साधं आहे, रंग मोकळे आहेत, गोष्ट चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला सुचेल अशा उड्या मारत जाते. 'व्हिस्पर'मध्ये टोकियोच्या पश्चिमेकडचा सेइसेकी-साकुरागाओकाचा परिसर इतका बारकाईने काढलाय की लोक अजून तिथे चढ चढून बघायला जातात, इथे तसं काही नाही.

आणि हा जो लहानखुरेपणा आहे त्याची पण एक गंमतशीर कथा आहे. १९९९ च्या सुमारास एका थीम पार्कने घिबलीकडे मांजरांची २० मिनिटांची फिल्म मागितली. मियाझाकींनी म्हटलं बॅरन, तो बोका आणि ते गूढ दुकान एवढं त्यात पाहिजे, आणि हिरागींना मांगा काढायला सांगितला. मग पार्कवाल्यांनी अंग काढून घेतलं. पण हातात काम तर तयार होतं, तेव्हा मियाझाकींनी ठरवलं की यावर नव्या लोकांना दिग्दर्शनासाठी तपासून बघू. हे 'नवे लोक' प्रकरण घिबलीसाठी त्या काळात साधं नव्हतं. 'व्हिस्पर'चे दिग्दर्शक योशिफुमी कोंदो, ज्यांच्याकडे सगळे उद्याचा वारस म्हणून बघत होते, ते जानेवारी १९९८ मध्ये अवघ्या ४७ व्या वर्षी गेले होते. तर हे काम मोरितांकडे आलं, त्यांनी नऊ महिने बसून ५२५ पानांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे सीनवार चित्रांचा आराखडा, काढला, आणि तो बघून मियाझाकी आणि निर्माते तोशिओ सुझुकी म्हणाले की याचा पूर्ण सिनेमाच करा. थिएटरमध्ये लागला तेव्हाही एकटा नव्हता, 'घिबलीज एपिसोड २' नावाची एक छोटी फिल्म जोडीला होती. म्हणजे ७५ मिनिटांवर भक्तमंडळी जी टीका करतात ती ऐकताना हे लक्षात ठेवा की हा २० मिनिटांवरून वाढत इथपर्यंत आलाय.

पण सगळंच छान आहे असं नाही हं. हारूला आवडणारा तो मुलगा म्हणजे नुसता खुंटीला टांगलेला शर्ट आहे, त्याचं काहीच केलेलं नाही. राजपुत्र लून शेवटाकडे येऊन सगळं इतक्या झटपट निस्तरतो की मग हा आधी कुठे होता असं विचारावंसं वाटतं. तो गिफ्टचा बॉक्स कुणासाठी होता आणि त्यात काय होतं, हे उलगडतं तेव्हा मात्र मस्त वाटतं, हारूच्या लहानपणीच्या एका भुकेल्या पिल्लाशी ते जोडलेलं आहे, सुरुवातीला आई घरात बोलता बोलता एक आठवण सांगते ती कान देऊन ऐका, मुलांना पण ऐकू द्या, बाकी सांगत नाही. आणि पार्श्वभूमीची चित्रं 'स्पिरिटेड अवे'सारखी नाहीत, तिथे प्रत्येक फ्रेममध्ये डोळा हरवतो, इथे नाही हरवत. ६ वर्षांच्या मुलासाठी हे चांगलंच आहे असं माझं मत, त्याला कुठे बघायचं ते कळतं.

भाषेचं सांगायचं तर इंग्रजी डबिंग डिस्नीने करून घेतलंय आणि चांगलं आहे, हारूचा आवाज अ‍ॅन हॅथवे, बॅरन कॅरी एल्विस, आणि मांजरराजा टिम करी, हा माणूस राजाला असा काही लोचट आवाज देतो की बस. इंग्रजी माध्यमाची मुलं असतील तर तेच लावा, नाहीतर सबटायटल वाचून दाखवता दाखवता तुमचा घसा बसेल, माझा बसला होता. तुम्ही स्वतः नंतर जपानीत बघा, तिथे राजा तेत्सुरो ताम्बा आहेत, जुने कसलेले अभिनेते, त्यांचा राजा जास्त पाताळयंत्री नाही तर जास्त सैलसर, जरा पिऊन बसलेल्या काकांसारखा वाटतो आणि मला तोच जास्त पटतो. शेवटचं गाणं कुठल्याही भाषेत बघितलं तरी बंद करू नका, आयानो त्सुजी नावाची गायिका युकुलेलेवर, म्हणजे छोट्या गिटारसारख्या वाद्यावर, गाते, छोटंसं साधं गाणं आहे, आमच्याकडे कित्येक दिवस ते शब्द न कळता गुणगुणणं चालू होतं. आपल्याकडे नेटफ्लिक्सवर २०२० मध्ये घिबलीचे सिनेमे आले त्यात हा पण आला, आता आहे का ते एकदा सर्च करून घ्या.

हा आवडला तर पुढे काय, तेही विचारणारच तुम्ही म्हणून सांगून टाकते. दोघांसोबत 'माय नेबर टोटोरो', १९८८ चा, त्यातली मांजरबस बघून लहाना खूश, फक्त त्यात आई हॉस्पिटलमध्ये असते आणि धाकटी बहीण हरवते तिथे त्याला जवळ घेऊन बसा, खरं सांगायचं तर मुलं तिथे या सिनेमापेक्षा जास्त रडतात. मग 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', त्यात जीजी नावाचा काळा बोका आहे. मुलीसोबत एकटीसोबत 'व्हिस्पर ऑफ द हार्ट', धाकट्याला कंटाळा येईल, त्यात काही घडतच नाही असं त्याला वाटेल. 'अ व्हिस्कर अवे' पण लोक सुचवतील, २०२० चा, मुखवटा लावून मांजर होणाऱ्या मुलीचा, घिबलीचा नाही, दुसऱ्या स्टुडिओचा आहे. तोकोनामे नावाच्या गावात घडतो, हात वर केलेल्या त्या शुभ मांजराच्या मूर्ती जिथे बनतात ते गाव, दिसायला फार सुंदर. पण आईवडील वेगळे झालेले, होऊ घातलेली सावत्र आई, एकतर्फी प्रेम, बरंच जड आहे. तो अजून दोन-तीन वर्षांनी मुलीला दाखवा, आणि आधी तुम्ही एकट्याने बघून घ्या.